नावानं हाक

तिसरा मंगळवार होता, आणि देवी काही येत नव्हती.

गोजरबाई केस मोकळे सोडून देव्हाऱ्यापुढं बसली होती. संबळ वाजवणारा दुष्काळात गाव सोडून गेला, म्हणून शेजारची मालनबाई खडीकामावरचं घमेलं पालथं घालून बडवत होती. भिंतीकडेला घोंगडीवर गोजराची सासू आक्काबाई पडली होती. तिचा धाकटा मुलगा भीमा दसऱ्याला काम शोधायला गेला, तो शिमगा आला तरी परतला नव्हता. कागद नाही, निरोप नाही. भीमा जिवंत आहे असं देवी सांगेल तेव्हाच पाणी घेईन, असं म्हणून म्हातारीनं कालपासून तांब्या बाजूला सारला होता.

थोरला मच्छिंद्र उंबऱ्यावर बसून बघत होता. बायकोच्या अंगात येतं, याला बारा वर्षं त्यानं नाटकच म्हटलं होतं. गोजरा एरवी नवऱ्याचं नाव ओठावर आणायची नाही, 'अवो'च्या पुढं तिची हाक जायची नाही. पण अंगात आलं की चारचौघांत दरडावायची, "ए मच्छिंद्रा, पुढं ये!" बाया हात जोडायच्या आणि हा हसायचा. "हिला मला नावानं बोलवायची हौस," म्हणायचा, "म्हनून देवी आनती."

आज त्याला हसू येत नव्हतं.

घमेलं थांबलं. "हात भरून आले बाई," मालनबाई म्हणाली. "दादा, तुमच्यापायीच येत न्हाई ती. बारा वर्सं हसलात तिला."

मच्छिंद्र उठला आणि बायकोला रिकाम्या गोठ्यात घेऊन गेला.

"नुसतं घुमायचं. म्हनायचं, भीमा येतोय. म्हातारी पानी पिईल."

"न आलेली देवी कशी आनू?"

"दर मंगळवारी आनत हुतीस की. तेच कर. नाटक कर."

गोजरानं फोड आलेले हात पदराला पुसले. "मला न्हाई येत नाटक," ती म्हणाली. "दिसभर खडी फोडती. तिला यायला अंगात जागाच राहिली न्हाई."

मच्छिंद्र तिच्याकडं बघत राहिला. हिच्याकडं खरंच कुणीतरी येत होतं, असं त्याला बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं. आणि जे येत होतं, ते आता गेलं होतं.

"पाया पडतो तुज्या," तो म्हणाला.

घमेलं पुन्हा वाजू लागलं. गोजरा डोलली, मग जोरात घुमायला लागली. केस तोंडावर आले. "आली गं माजी आई!" म्हणत मालनबाईनं जमिनीला डोकं टेकलं. आक्काबाई कोपरावर उठली, हात जोडून म्हणाली, "आई, माजा भीमा?"

गोजरानं केस मागं झटकले. डोळे मोठे केले. मच्छिंद्राकडं बोट रोखलं आणि तोंड उघडलं. नाव येईना. ओठ नुसते हलत होते. मच्छिंद्र मनातल्या मनात म्हणत होता, म्हन, मच्छिंद्रा म्हन.

"अवो," गोजरा म्हणाली, "भावजी येत्यात."

आक्काबाईचे जोडलेले हात सावकाश खाली आले.

"दमलीस पोरी. ऊठ," ती म्हणाली, आणि आडवी होऊन तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मच्छिंद्रानं धावत जाऊन तांब्या तिच्या ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत. टँकरचं पाणी हनुवटीवरून ओघळत घोंगडीत जिरत गेलं, तरी त्यानं तांब्या सरळ केला नाही. तसाच मान वळवून तो देव्हाऱ्याला म्हणाला,

"एकदा नावानं हाक मार की गं."