एका कोयत्याला एक बाटली

धारूरकडं मजुरांच्या गावात प्यायलाही पाणी उरलं नव्हतं, इथं साखर कारखान्यामागं मात्र डबकी होती आणि ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, डास. डॉक्टर डास चावू नयेत यासाठीचं होमिओपॅथीचं औषध तपासायला आले होते. आठवडाभर गोळ्या खायच्या, मग डास सोडलेल्या जाळीच्या पेटीत हात घालायचा. छबुबाईनं टोळीच्या मुकादमाच्या इशाऱ्यावर हात घातला. घड्याळ बघत डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेतल्यास ना?" "मालकांनी घेतल्या." "नवऱ्यानं? आणि तू?" "मुकादमानं कोयत्याला एक बाटली वाटली, सायेब. नवरा-बायकू मिळून एकच कोयता की आमी. त्येंनी गोळ्या खाल्ल्या, मी हात आणला." "मग काढ हात बाहेर!" डॉक्टर ओरडले. मनगटावर डास रक्तानं टरारून फुगले होते. छबुबाईनं हात हलवला नाही. तिनं मान वळवून मुकादमाकडं पाहिलं. तो तंबाखू मळत होता. अजून ‘काढ’ म्हणाला नव्हता.