कीड लागलेला पालक

दिपमालाच्या हातात बॉलपेनची रिकामी नळी होती. पाटावर पालकाचं पान पसरायचं, नळी टेकवायची, अंगठ्यानं दाबून गर्रकन फिरवायची. एक भोक कडेला, दोन देठाजवळ, एखादं अर्धवट. मग गोलाई मोडावी म्हणून नखानं थोडं कुरतडायचं. पोरीचा हात चांगलाच बसला होता.

परसाच्या फाटकात उभी असलेली कामिनी बघतच राहिली. आपण काय बघतोय, हेच तिला क्षणभर कळेना.

दर मंगळवारी भागाबाई शिरपुरात तिच्या दारी परसातली भाजी घेऊन यायची. आज आली नाही, म्हणून कामिनी स्कूटी काढून स्वतःच भागाबाईच्या गावात आली होती. सव्वा वर्षाच्या मयुरीला रोज पालकाची खिचडी लागायची, आणि ती भागाबाईच्याच पालकाची. बाजारची फवारलेली भाजी लेकीच्या तोंडाला लावायची नाही, हा कामिनीचा नेम. जे पान कीड खाते तेच माणसानं खावं, असं ती कॉलनीत ज्याला त्याला ऐकवायची. ऐकणारे कंटाळले, तरी ती थकली नव्हती.

"अक्का!" तिचा आवाज चिरकला. "बाजारातला पालक आणून भोकं पाडताय? माझ्या लेकीला विष घालताय आणि वर परसातला म्हणून सांगताय?"

भागाबाईची सून दिपमाला पदराखाली नळी लपवू लागली. भागाबाई मात्र गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलाखालून सावकाश बाहेर आली.

"बाजारना नही, ताई. बठ्ठा आठलाच शे, मना वाफाना. देखी ल्या."

कामिनीनं रागारागानं वाफा गाठला. शेणखताची काळी माती, न्हाणीतून पन्हळीनं आलेलं पाणी, आणि तळहाताएवढी तुकतुकीत पानं. तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, दहावं उलटलं. भोक नाही, अंडं नाही, साधा मावादेखील नाही. नुकतीच जुडी खुडलेले देठ मात्र ओले होते.

"मग भोकं कशाला पाडता?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना! मांगला महिनामा जुडी परत करी दिन्ही. एक बी भोक नही, दवाई मारेल शे, म्हने." भागाबाई हसली. "मंग बाकीन्या बाया बी तशाच बोलू लागन्यात."

कामिनीची कानशिलं तापली. म्हणाली होती खरी. सगळ्यांसमोर, ठसक्यात म्हणाली होती.

"पण कीड गेली कुठे, अक्का? तुम्ही काही मारता?"

"मी काय मारू? पहिले कडूलिंबाना पाला तरी टाकू. आते तो बी नही टाकस. कोनले टाकू?" भागाबाईनं हनुवटीनंच कुंपणाकडे खूण केली. काट्यांच्या कुंपणापलीकडे तिन्ही बाजूंनी कपाशी होती, नजर पोचेल तिथवर. "बठ्ठं गाव दवाई मारस. आठ दिन झाये का फिरी मारस. आते तं ड्रोन येस वरथून. वारा इकडला ऱ्हायना तं आमले घरना दारं लाई लेनं पडस. दोन सालथून आठे कीडच येत नही. बरं शे, तरास नही."

भांडकुदळ शेजारी गाव सोडून गेल्याची बातमी सांगावी, तसं ती सांगत होती.

खिचडी, वरण, कालचा पालकाचा पराठा, सगळं कामिनीला एकदम आठवलं. मयुरी वाटी चाटूनपुसून संपवायची आणि आणखी मागायची. आई म्हणून त्याचा केवढा अभिमान वाटला होता तिला! आता हातातलं पानसुद्धा धरवेना.

"मग मी तिला काय देऊ, अक्का?" तिनं विचारलं. आवाजात भांडण उरलं नव्हतं.

"माले काय कये, ताई? मना नातू बी हाईच खाई ऱ्हायना."

एवढं बोलून भागाबाई पुन्हा वेलाकडे गेली. तिनं गिलक्याचं एक नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या आणि उरलेला केसर दुसऱ्या एका फुलावर हलकेच घासला. त्या फुलामागे बोटभर गिलकं धरलेलं होतं.

"हे काय करताय?"

"मधमाशी बी येत नही ना. नही घासं तं गिलकं गळी पडस." भागाबाईनं मान वर केली नाही. "मधमाशीनं काम मी करस, किडानं काम दिपमाला करस."

ऊन चढलं की फुलं मिटतात. ती घाईनं पुढच्या फुलाकडे वळली.