कल्याणचा दहावा

कावळा काही केल्या शिवत नव्हता.

सुप्याच्या नदीकाठी पिंड मांडून बराच वेळ झाला होता. समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे माना वाकड्या करून बघत होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"दर्भाचा कावळा करून शिववू या का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई," कल्याणची आई पुष्पावती म्हणाली. "तरणंताठं पोर गेलंय माझं. त्याचा जीव कशात अडकलाय ते मला कळलं पायजे. खरा कावळा शिवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."

कल्याणचा जीव कशात अडकलाय हे ओंकारला पक्कं ठाऊक होतं.

कल्याण 'ठिणगी' या रॉक बँडचा गायक. एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुटी मिळाली की गिटार घेऊन जिल्हाभर धुमाकूळ घालायचा. राहुरीपासून नगरपर्यंत पोरं त्याच्यावर जीव टाकायची. ओंकार त्या पोरांचा म्होरक्या. चाहत्यांचं पेज तोच चालवायचा.

यंदा कल्याणनं बँड बाजूला ठेवला आणि एकट्यानं अल्बम काढला, 'फडातली गाणी'. गिटार नाही, ड्रम नाही, साथीला नुसता डफ. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं जगणं, तिच्याच तोंडून सांगितलेलं. पहाटेच्या अंधारात बांधलेल्या मोळ्या, गाडीखाली निजवलेलं लेकरू, बाळंतपणानंतर आठवड्यात पुन्हा हातात घेतलेला कोयता.

चाहते खवळले. 'भाऊ, झोप आली.' 'वाघाचा भजनीबुवा झाला.' 'बायकांसारखा गळा काढतोय.' जो तो लिहीत सुटला. फुकटचं ऐकायचं आणि वर मालकासारखं ओरडायचं, अशी ही जात. ओंकारनं तर सगळ्यांवर कडी केली. 'सुप्याच्या पोरानं कधी कोयता धरलाय का? हे शब्द तुझे वाटतच नाहीत. ढोंग बंद कर,' असं त्यानं पेजवर टाकलं. ढिगानं अंगठे मिळाले.

त्या दिवशी कल्याणचा फोन आला. तो चिडलेला नव्हता, घाबरल्यासारखा वाटला.

"ओम्या, ते शब्दांचं तेवढं काढून टाक," तो म्हणाला. "बाकी शिव्या राहू दे."

ओंकारनं ते काढलं नाही.

पुढे नगरच्या कार्यक्रमात कल्याणनं त्यातलं एक गाणं धरलं आणि पोरांनी बाटल्या फेकल्या. तो गाणं अर्धवट टाकून उतरला, मोटारसायकलला किक मारली आणि घराकडं निघाला. वाटेत रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे लाल दिवा नव्हता.

माणूस गेला आणि गाणी थोर झाली. शिव्या घालणारेच आता 'दादा, तू आम्हाला कळला नाहीस' असं लिहून रडत होते. ओंकारला त्या सगळ्यांची किळस यायची. आपणही त्यांच्यातलेच, हे आठवलं की घास उतरायचा नाही.

वडील श्रीमंत पिंडापुढं आले. "कल्याण, तुझ्या आईची काळजी करू नको. मी हाय." कावळे जागचे हलले नाहीत.

बँडमधला ज्ञानेश्वर आला. "ठिणगी बंद पडू देणार न्हाई." काही नाही.

मग ओंकार पुढं झाला.

"कल्याणदादा, माझं चुकलं. तुझी गाणी मी गावोगाव नेतो. प्रत्येक गाण्याखाली तुझंच नाव राहील, दुसऱ्या कुणाचं न्हाई."

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला. पण तो तिथंच बसून राहिला. ओंकारला रडू फुटलं. दादानं माफ केलं नाही, असंच त्याला वाटलं.

पुष्पावती सुनेकडं वळली. "सुकन्या, तू तरी बोल बाई. तुझ्यात आडकला आसंल."

सुकन्या खर्ड्याकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलखातली. नवरा गेल्यापासून ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. चाहते भेटायला आले की आत निघून जायची. गाण्यांचं कौतुक सुरू झालं की तिला बसवतच नसे. आपण तिचा नवरा मारला, मग ती आपलं तोंड कशाला पाहील, असं ओंकार स्वतःला सांगत आला होता.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, आत्या," सुकन्या म्हणाली.

"हात जोडते गं. त्याला आसं लटकत ठिवू नको."

सुकन्यानं पोरांकडं पाहिलं. सगळ्यांनी काळे टी-शर्ट घातले होते. छातीवर गाण्यातली एक ओळ आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत कल्याणचं नाव. ती ओळ तिनं दोनदा वाचली असावी. मग पदर सावरून ती पिंडापुढं बसली. तांब्या धरायला म्हणून ओंकार तिच्या मागं वाकला होता, म्हणून एकट्या त्यालाच ऐकू आलं.

"आवं," ती म्हणाली, "ती गाणी मी रचली हुती, हे मी कुणालाच सांगायची न्हाई. जावा आता."

तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत कावळा पिंडावर उतरला.