कुमुदचा आवाज

कुमुद जाऊन महिना झाला होता, पण तिच्या मनाची प्रत स्वयंपाकघरातल्या पडद्यावरून नवऱ्याशी, श्रीरंगशी, रोज बोलायची. पंतप्रधानांच्या जमीन घोटाळ्यावरच्या तिच्या माहितीपटासाठी उद्या न्यायालय त्या प्रतीची साक्ष घेणार होतं. त्याआधी तिला सरकारी केंद्रात तपासून घेणं सक्तीचं होतं. तिथून आलेली प्रत्येक प्रत आपला शब्द मागे घ्यायची.

"मला पुसून टाक," ती म्हणाली. "प्रत नसली की माहितीपटच पुरावा म्हणून धरतात."

"मग मी बोलू कोणाशी?"

"शेजाऱ्यांशी बोल की! जन्मभर माझ्याआड लपलास."

श्रीरंगला हसू आलं. ही मेल्यावरही कुणाला भीत नव्हती. त्याने तिला पुसलं.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात माहितीपट लागला. पडद्यावर पंतप्रधान गप्प बसले होते. कॅमेऱ्यामागून कुमुद म्हणाली, "उत्तर द्या, साहेब. मी थांबते."