डस्ट करा

केकवरचा शेवटचा तपकिरी कण सासूबाईंनी मऊ ब्रशने झटकला आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. केक कसा लख्ख दिसत होता.

सून परभाषेतली. लग्नाला सहा महिने झाले, तरी दोघींचं बोलणं हसण्यावर आणि हातवाऱ्यांवरच चाललेलं. मधला दुभाषा म्हणजे मुलगा, आणि तो दिवसभर कामावर. सासूबाई राहायच्या पलीकडच्या गल्लीत. रोज दुपारी सुनेच्या केकच्या धंद्यात मदतीला यायच्या आणि फावल्या वेळात इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून बसायच्या. आज सून केकसाठी खोकं आणायला बाहेर गेली होती. पाच वाजता तिच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचं गिऱ्हाईक यायचं होतं, आणि ओट्यावर तिची इंग्रजी चिठ्ठी होती: चार वाजता केक 'डस्ट' करा.

शब्द चटकन सापडला. मूळ नाम, धूळ. त्यावरून क्रियापद, धूळ झटकणे. पुढे वाचायची गरजच वाटली नाही. केकवर कोकोचा चांगला जाड थर होता, तो सासूबाईंनी अगदी मन लावून काढला. शेजारी पिठीसाखर आणि चाळणी कशाला ठेवलीय, ते काही कळेना. पसारा नको म्हणून साखर कपाटात गेली आणि चाळणी धुऊन पालथी पडली.

सून आली, केकाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. सासूबाई तिला उठवायला धावल्या. पण सून हसत होती, आणि इतकी की तिला श्वास पुरेना. तिने शब्दकोश ओढला आणि त्याच क्रियापदाच्या दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं: वरून भुकटी भुरभुरवणे.

सासूबाई आधी लाजल्या, मग त्याही खो खो हसत सुटल्या. झटका म्हणायलाही तोच शब्द आणि टाका म्हणायलाही तोच, ही काय भाषा झाली, असं त्यांनी भिंतींनाही विचारून घेतलं. मग एकीने कोको चाळला, दुसरीने साखर. दोघींची नाकं पांढरी झाली. पाचला गिऱ्हाईक केक घेऊन खुशीत गेलं.

सासूबाईंनी चपला घातल्या. "येते गं," त्या म्हणाल्या.

सुनेने त्यांचा हात धरला. अडखळत, शब्द जुळवत, ती पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"आणि तुमची भाषा? रोज 'येते' म्हणता आणि जाता. आई, सहा महिने मी दोन कप कॉफी करून दारात वाट बघते."