उतारा

नेब्रास्काचे सिनेटर लिंडक्विस्ट पुन्हा निवडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स घरी आली. ऑगस्टमध्ये त्यांची लेक कारिन गेली, तेव्हा या नर्सनेच सिनेटर आणि त्यांची बायको इंग्रिड या दोघांना दुःख थोपवणारं इंजेक्शन दिलं होतं. म्हणून तर अंत्यसंस्कार उरकून इंग्रिड चर्चच्या नाश्त्याला मतदारांना हसतमुखाने पॅनकेक वाढू शकली. निवडणूक संपली की दोघांनी पोटभर रडून घ्यायचं, असं ठरलं होतं.

“जिंकलात की! आता उतारा देऊ, की पुढचा डोस?” नर्सने विचारलं.

“डोसच दे,” टाय बांधत सिनेटर म्हणाले. “आधी शपथविधी, मग समित्या. सहा वर्षं काय, बघता बघता जातील. तुझं काय, इंग्रिड?”

“तू स्वतःच्या अंत्ययात्रेतही पत्रकं वाटशील,” इंग्रिड म्हणाली. दोघंही हसली.

डोस नको म्हणायला तिला काहीतरी कारण हवं होतं. भिंतीवरच्या फोटोत कारिन बोळकं पसरून हसत होती. इंग्रिडने तिच्याकडे बराच वेळ नीट पाहिलं. फोटो जरा तिरका झाला होता. तो तिने सरळ केला आणि डोससाठी बाही वर सारली.