डाव्या हाताची घंटा

“अल्बम वाजेल त्या दिवशी कळंबला ये, बायजे. देव्हाऱ्यातली घंटा आण. आणि डाव्या हातानंच वाजव.”

दवाखान्यात तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, तीनदा बजावलं होतं. जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून बायजा ‘येईन’ म्हणाली. त्याला जाऊन दोन महिने झाले, तरी तिचा राग उतरला नव्हता.

डावा हात त्यानंच तर मोडला होता. बारा वर्षांपूर्वी खालापूरच्या हळदीला उशीर झाला म्हणून त्यानं बँडचा टेंपो दामटला नि वळणावर कलंडवला. शेजारी बायजा बसली होती. त्याच्या सॅक्सोफोनला ओरखडा नाही, बायकोचं मनगट वाकडं. माफीचा एक शब्द नाही. उलट ती पहाटे आरतीला घंटा वाजवू लागली, की हा ओटीवर सॅक्सोफोन फुंकायचा. तिच्या घंटेसारखाच अडखळत. मुद्दाम वेडावतो, असं तिला वाटे. चारचौघांत ती तो हात पदराखाली ठेवी.

आज कोंडाजीच्या बँडमधला ढोलकीवाला कमलेश तोच टेंपो घेऊन दारात उभा होता. कोंडाजीनं शेवटी मुंबईच्या वादक पोरांबरोबर केलेला गाण्यांचा अल्बम आज कळंबला लोकांपुढं वाजायचा होता.

“चला काकी. मुंबईची पोरं खोळंबलीत.”

“माझी शोभा करायला नेतोस व्हय रं? म्हातारीचा वाकडा हात बघून हसतील मेली. मी येत नाय, जा.”

 कमलेशनं मोबाइल उंबऱ्यावर ठेवून अल्बममधलं गाणं लावलं. गिटार दणकली, सॅक्सोफोन उसळला. पाय आपोआप हलावेत असं नाचरं गाणं. तीन ठोके, एक हुकलेला, मग घाईनं एक. पुन्हा तीन, पुन्हा हुकलेला.

पदराखालचं मनगट आपसूक हललं.

“मुंबईचा ड्रमर आठ दिवस झगडला,” कमलेश म्हणाला. “सरळच वाजवायचा. कोंडाजी मास्तर भडकून म्हणायचे, सरळ नको रं, माझ्या बायकोचा हात पडतो तसा पाड. सगळी गाणी ह्याच ठेक्यावर हायती, काकी.”

“बारा वर्षांत मला का नाय बोलले?”

“बोलता आलं असतं, तर फुंकलं कशाला असतं?”

बायजा तणतणत आत गेली. देव्हाऱ्यातली घंटा उचलली. वाटेत वाजू नये म्हणून आत फडकं कोंबलं. कमलेश ती घ्यायला पुढं झाला, तिनं दिली नाही. घंटा डाव्या हातात धरून ती टेंपोत चढली, नि बारा वर्षांपूर्वी बसली होती त्याच सीटवर जाऊन बसली.